मदत हवी आहे : ओएसआरएम पांदण रस्ता धरतच नाही

राजेहो, पायथनमध्ये अडकलो आहे. हिंगणघाट तालुक्यातल्या शेतांवरून कापूस उचलून जिनिंगला नेणाऱ्या दोन टेम्पोंसाठी रूट काढायचा छोटा प्रोग्राम लिहितोय. रिक्वेस्ट्स लायब्ररीने ओएसआरएमला (रस्त्याने जायचा मार्ग काढणारं सॉफ्टवेअर) दोन बिंदू पाठवतो, उत्तरात जेसनमध्ये अंतर मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत येतो.

पहिल्या दिवशी आमचं गाव थेट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्डजवळ बर्फात गेलं होतं! नकाशा दाखवणाऱ्या लीफलेटला आधी अक्षांश लागतो, ओएसआरएमला आधी रेखांश, मी २०.५५,७८.८४ असंच पाठवत होतो. ते सुधारलं.

आता खरी भानगड. शेत नाल्याच्या अलीकडे आहे, पण बिंदू चिकटतो पलीकडच्या डांबरी रस्त्याला. उत्तरातल्या वेपॉइंट्समधलं डिस्टन्स (दिलेल्या बिंदूपासून चिकटलेल्या जागेपर्यंतचं अंतर) पाहिलं तर ६४० मीटर! म्हणजे ड्रायव्हरने कापसाचं ओझं डोक्यावर घेऊन नाला ओलांडायचा का? रेडियसेस (किती मीटरच्या आत रस्ता शोधायचा) २०० केलं, तर सरळ नोसेगमेंट (जवळ रस्ताच नाही) येतं. ओएसआरएम ज्या नकाशावर चालतं त्या ओपनस्ट्रीटमॅपवर पांदण आहे, मीच काढली, पण ट्रॅक (शेतातला कच्चा रस्ता) म्हणून; आणि कारचं प्रोफाइल (कोणत्या रस्त्याने किती वेगाने जायचं याचे नियम) ट्रॅक धरत नाही.

स्वतःचा सर्व्हर डॉकरवर टाकून कार डॉट लुआमध्ये (त्याच प्रोफाइलची फाइल) ट्रॅकला ताशी १० किमी वेग दिला, तर चालेल का? ऑस्मियमने (नकाशाच्या डेटाचा तुकडा कापायचं साधन) फक्त वर्धा जिल्हा कापला तर ८ जीबी रॅम पुरेल? आणि पावसाळ्यात पांदणीत गुडघाभर चिखल असतो, तेव्हा ती बंद ठेवायला दोन वेगळी प्रोफाइलं करावी लागतील का? कोणी केलं असेल तर लुआचा तेवढा तुकडा टाका भाऊ.