प्रासा म्हणजे चौक, मैदान की पटांगण?

लिस्बनच्या भटकंतीवर लिहितेय आणि एकाच शब्दाशी अडून बसलेय. पोर्तुगीज लोक ज्याला प्रासा म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचं? चौक म्हटलं की सिग्नल दिसतो, मैदान म्हटलं की क्रिकेट. प्रासा दु कोमेर्सिउ म्हणजे तीन बाजूंना पिवळ्या कमानीदार इमारती, चौथ्या बाजूला थेट तेजू नदी, मधे घोड्यावर राजा जोसे. नुसतं स्क्वेअर लिहायचं जिवावर येतंय.

चौकच लिहा, बिनधास्त. चार रस्त्यांचा तो एकच चौक असतो का, वाड्यातला चौक आठवा की, मधे मोकळं आकाश आणि भोवती सोपे. त्या जागेला लोक अजूनही तेर्रैरू दु पासू म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं अंगण! १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप झाला, मागून समुद्र चढून आला, राजवाडा गेला, पण नाव तोंडात राहिलं ते राहिलंच. म्हणजे तो अस्सल वाड्याचा चौक, चौथ्या सोप्याच्या जागी नदी.

इथवर पटलं, पण लिस्बनच्याच रोसिऊ या दुसऱ्या प्रासाला मी चौक म्हणणार नाही. तिथे माणसं कारंज्याच्या कडेला निवांत बसतात, मला देवळापुढचं पटांगण आठवतं. आणि खालच्या जमिनीला फरसबंदी नका म्हणू हं, फरशी म्हणजे सपाट मोठा दगड, तिथे मुठीत मावतील असे पांढरे-काळे तुकडे हाताने ठोकून बसवलेत, लाटांची नक्षी आहे. दगडी ठोकळ्यांची नक्षी म्हणा, समजतं सगळ्यांना.

रुआला सगळीकडे रस्ता लिहू नका एवढंच सांगते. भूकंपानंतर बायशा भाग नव्याने आखला तेव्हा गल्ल्यांना धंद्यांची नावं दिली, रुआ दुश सापातैरुश म्हणजे सरळ मोची आळी, पुण्यात तांबट आळी आहे तशीच. रुआ दा कोन्सेइसाऊवर बटणं आणि फितींची जुनी दुकानं आहेत. फीत हा शब्द पोर्तुगीज फिताच, तो आपल्याकडे आला आणि घरचा झाला, मला तर तिथे पाटी वाचून भरून आलं होतं.

आळी एकदम चपखल! मग राजवाड्याचा चौक, रोसिऊचं पटांगण, मोची आळी असं ठरवते. राहिला मंगळवार-शनिवारचा बाजार, फैरा दा लाद्रा. लाद्रा म्हणजे चोरटी बाई, पण चोरबाजार लिहिलं तर वाचणारा थेट मुंबईत जाऊन उभा राहील ना?

राहू दे उभा, जुन्या वस्तूंचाच बाजार आहे तोही.