दसऱ्याआधी पाचवी ते सातवी सुरू करायची आहे, खोल्या आणि गट कसे बसवावेत?

प्रभारी मुख्याध्यापिका, पाटोदा (बीड) · २६ सप्टेंबर २०२१

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मी प्रभारी मुख्याध्यापिका. पहिली ते सातवी, माझ्यासह चार शिक्षक. कोरोनामुळे शाळा बंद आहेत; ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी भरवायची असं शासनानं परवा जाहीर केलं. म्हणजे आमचे वरचे तीन वर्ग येणार, ६१ मुलं. पहिली ते चौथी अजून घरीच.

तारीख ऐकून मला आधी दसरा आठवला. दसरा १५ ऑक्टोबरला आहे. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलतात, बहुतेक घरांनी मुकादमाची (टोळी नेणाऱ्याची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली आहे. एरवी शाळा चालू असते म्हणून आई-बाप लेकराला आजीपाशी ठेवून जातात. गेल्या वर्षी शाळाच बंद, मग कशाला ठेवायचं? कोयता, भांडी, लेकरं सगळं ट्रॅक्टरवर चढलं आणि साखर कारखान्याच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) गेलं. आता सातवीत असलेली मुलं मार्च २०२० मध्ये पाचवीत होती. जानेवारीत थोडे दिवस वर्ग भरले तेव्हा यातली निम्मी उसाच्या फडात होती. मुलींची तर जास्तच काळजी वाटते. बारा-तेरा वर्षांची मुलगी दोन हंगाम शाळेबाहेर राहिली की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. हे इथं प्रत्येक बाईला, प्रत्येक गुरुजींना माहीत आहे.

तर माझ्या हातात पहिले दहाबारा दिवस आहेत. त्यात एकही मूल आजारी पडायला नको आणि एकही मूल सुटायला नको.

शाळेची स्थिती सांगते. तीन खोल्या चांगल्या, साधारण वीस बाय वीस फूट. चौथी गळते, तिच्यात बसवता येणार नाही. समोर लांब व्हरांडा आहे. एका बाकावर एक विद्यार्थी अशी सूचना आहे, पण बाकं एकाच खोलीत आहेत, बाकीची मुलं बसकरपट्टीवर बसतात. बिल थकल्यामुळे वीज तोडलेली, त्यामुळे पंखे नाहीत. मागच्या वर्षी मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याहून आलेल्यांचं विलगीकरण याच खोल्यांत होतं, ते काही पालकांच्या मनातून अजून गेलेलं नाही. आमच्यापैकी एका शिक्षकांचा लसीचा दुसरा डोस अजून व्हायचा आहे. पोषण आहार शिजवायचा नाही, कोरडा शिधाच वाटायचा.

मुलं एक दिवसाआड बोलवावीत, दोन पाळ्या कराव्यात, की सगळ्यांना रोज? ज्यांनी आधी वर्ग सुरू केले आहेत त्यांचा अनुभव हवा आहे.

माध्यमिक शिक्षक, सातारा · २६ सप्टेंबर

बाई, आमच्या गावात जुलैमध्ये आठवी ते दहावी सुरू झाली. गावात महिनाभर रुग्ण नसावा ही अट होती आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समितीनं निर्णय घ्यायचा होता. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो, एक दिवसाआड बोलावू नका. आम्ही तसंच केलं होतं. ज्या दिवशी शाळा नाही त्या दिवशी पोरगं शेतात भांगलणीला (खुरपणीला) जातं, आणि तिथली गरज सुरू झाली की दुसऱ्या दिवशीही येत नाही. रोज तीन तास, सकाळी, घरून जेवून येता येईल किंवा घरी जाऊन जेवता येईल असे ठेवा. डबा शाळेत उघडायचाच नाही. मास्क उतरवून गोल करून बसतात ती वेळ टळते.

जागेचं गणित तुमच्यासारखंच आम्हीही घातलं. वीस बाय वीसच्या खोलीत सहा-सहा फुटांवर चार ओळींत चार मुलं बसतात, सोळा झाली. पहिली ते चौथीच्या खोल्या सध्या रिकाम्याच आहेत ना? मग तीन खोल्यांत ४८ आणि व्हरांड्यात १३. तुमची ६१ मुलं रोज येऊ शकतात. बाक नाही म्हणून अडू नका, जमिनीवर पांढऱ्या रंगानं चौकोन आखा आणि प्रत्येकाचा चौकोन कायमचा ठरवा. आमच्या केंद्रातल्या प्राथमिक शाळांनी तपासणीला आलेल्या साहेबांना हेच दाखवलं, कुणी हरकत घेतली नाही.

गर्दी वर्गात होत नाही, फाटकावर होते. गटांना दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं बोलवा.

बालरोगतज्ज्ञ, लातूर · २७ सप्टेंबर

पंखे नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. समोरासमोरच्या खिडक्या आणि दार उघडं असेल तर तुमची खोली बंद काचांच्या एसी वर्गापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. खिडकीला कपाट टेकवलं असेल तर आजच हलवा. व्हरांडा ही तर तुमची सर्वांत चांगली खोली. दुसरा डोस बाकी असलेल्या शिक्षकांना तिथला गट द्या. कोविशील्ड असेल तर ८४ दिवस भरले की लगेच डोस घ्यायला सांगा.

फवारणीवर शक्ती घालवू नका. फरशी साबणाच्या पाण्यानं धुतली की पुरे. मुलांच्या अंगावर तर कसलंही औषध मारू नका, हायपोक्लोराइट डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देतं. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो.

शिक्षकाचा मास्क मुलांच्या मास्कइतकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत यंदा मे महिन्यात घडलेलं प्रकरण गेल्या महिन्यात तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं प्रसिद्ध केलं. लस न घेतलेल्या शिक्षकाला लक्षणं होती, तरी ते शाळेत आले आणि मोठ्यानं वाचून दाखवताना अधूनमधून मास्क काढत राहिले. टेबलं सहा फुटांवर होती, दार-खिडक्या उघड्या होत्या. तरीही तपासलेल्या २२ मुलांपैकी १२ जण बाधित निघाले. पुढच्या दोन ओळींतल्या दहापैकी आठ. म्हणून आवाज पोचत नाही असं वाटलं तर मास्क खाली ओढू नका, मुलांना मैदानात न्या. पाढे, प्रार्थना, सामुदायिक कविता, जे जे सुरात आणि मोठ्यानं म्हणायचं ते सगळं बाहेर, झाडाखाली.

आणि ऑक्टोबर हा आपल्याकडे डेंग्यूचाही महिना. प्रत्येक ताप कोरोनाचा नसतो, पण ताप आलेल्या मुलाला घरी ठेवून उपकेंद्रात दाखवायचं हे प्रत्येक तापाला लागू. थर्मल गनवर सगळी भिस्त ठेवू नका. "घरात कुणाला बरं नाही का?" हे रोज विचारा, त्यातून जास्त कळतं.

पालक, पुणे · २७ सप्टेंबर

माझी मुलगी सहावीत आहे. मी तरी पाठवणार नाही. लहान मुलांना लस नाही, तिसऱ्या लाटेचं सगळेच बोलताहेत. ऑगस्टमध्ये १७ तारखेपासून शाळा सुरू करायचं ठरलं होतं, राज्याच्या कोविड टास्क फोर्सनं (डॉक्टरांच्या सल्लागार गटानं) आक्षेप घेतल्यावर थांबवलं. दीड वर्ष थांबलोच आहोत, आणखी तीन-चार महिन्यांनी असं काय बिघडणार? बाई, तुमची तळमळ कळते, पण जबाबदारी कुणाची?

प्रभारी मुख्याध्यापिका, पाटोदा (बीड) · २७ सप्टेंबर

ताई, हजेरीची सक्ती नाही आणि तुमच्या संमतीशिवाय कुणी मुलीला बोलावणार नाही. तुमच्या मुलीचा वर्ग ऑनलाइन चालू असेल. चांगलं आहे, चालू राहू दे. माझ्या ६१ घरांपैकी फार थोड्या घरांत चालणारा स्मार्टफोन आहे आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात असतो. या ऑगस्टमध्ये पंधरा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत गरीब घरांतल्या सुमारे १,४०० मुलांच्या घरी जाऊन एक पाहणी झाली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं फक्त ८ टक्के निघाली, आणि ३७ टक्के मुलं अजिबात शिकत नव्हती. हे आकडे मला वाचायची गरज नव्हती, मी वस्तीवर जाते तेव्हा बघते. चौथीत घडाघडा वाचणारा मुलगा आता जोडाक्षरापाशी थांबतो आणि माझ्याकडे बघतो.

तुम्ही म्हणता तीन-चार महिन्यांनी काय बिघडणार. तीन-चार महिन्यांनी ही मुलं माझ्या गावातच नसतील. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कुठल्यातरी फडावर वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधत असतील. एका कोपीत पाच-सहा माणसं झोपतात, पाणी लांबून आणायचं, दवाखाना लांब. कोरोनाची भीती तिथं कमी आहे का? माझ्या शाळेच्या व्हरांड्यात सहा फुटांवर बसलेलं मूल त्यापेक्षा सुरक्षित आहे, असं मला मनापासून वाटतं.

जबाबदारी माझी आहे. म्हणूनच विचारते आहे.

बालरोगतज्ज्ञ, लातूर · २७ सप्टेंबर

पुण्याच्या ताईंची शंका रास्त आहे, तिला उत्तर द्यायला हवं. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या जून-जुलैमधल्या चौथ्या सेरो (रक्ततपासणीच्या) सर्वेक्षणात ६ ते ९ वयोगटातल्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटातल्या ६१.६ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं आढळली. शाळा बहुतांश काळ बंद होत्या, तरी निम्म्याहून जास्त मुलांपर्यंत विषाणू घरातूनच पोचला होता, आणि बहुतेकांना फारसा त्रास झाला नाही. खरा धोका घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आहे. म्हणून बाई, संमतीपत्र घ्यायला जाल तेव्हा आजी-आजोबांचे दोन डोस झाले का ते लिहून घ्या. राहिले असतील त्यांची यादी आशाताईंकडे द्या. दमा, हृदयविकार, सिकलसेल असलेल्या मुलांना मात्र आधी तपासून घ्या.

निवृत्त केंद्रप्रमुख, अहमदनगर · २८ सप्टेंबर

दोन गोष्टी सुचवतो.

गट इयत्तेप्रमाणे पाडू नका, वस्तीप्रमाणे पाडा. एका वस्तीवरची, एका तांड्यावरची पोरं दिवसभर एकत्रच खेळतात, त्यांना शाळेत वेगळं बसवून काय मिळणार? ती एका खोलीत असू द्या. उद्या एखादं मूल बाधित निघालं तर तोच गट घरी राहील, बाकीचे तीन गट चालू राहतील. अख्खी शाळा पुन्हा बंद पडली तर तुमच्या गावात ती दिवाळीपर्यंत उघडणार नाही, आणि तोवर टोळ्या गेलेल्या असतील. पाचवी-सातवी एकत्र शिकवणं अवघड आहे हे मान्य, पण दीड वर्षानंतर तसेही सगळ्यांचे स्तर सरमिसळ झालेले आहेत.

दुसरी, हंगामी वसतिगृहाचा (आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर मागं राहणाऱ्या मुलांसाठीच्या सोयीचा) प्रस्ताव आजच करा. शाळा सुरू होण्याची वाट बघू नका. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी, मागं राहणाऱ्या मुलांची नावं, ती कुणाकडे झोपणार ते. आपल्याकडे मुलं बहुधा आजीच्या घरी झोपतात आणि वसतिगृहात जेवतात, ती पद्धत या साथीत बरी. जेवणाच्या पंगती मात्र गटागटानं, उघड्यावर. डॉक्टरांनी आजी-आजोबांच्या डोसचं सांगितलं ते इथं दुप्पट लागू होतं, कारण सहा महिने ती मुलं त्यांच्याच कुशीत असणार. जी मुलं थांबणारच नाहीत त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक (जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणूनचं) द्या, आणि मुकादमाकडून कारखान्याचं नाव लिहून घ्या. नाव माहीत असलं की तिथल्या केंद्रप्रमुखाला फोन करता येतो.

प्रभारी मुख्याध्यापिका, पाटोदा (बीड) · २९ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही चौघं बसलो. रोज सकाळी तीन तास, चार गट वस्तीप्रमाणे, डोस राहिलेले सर व्हरांड्यात. एका खोलीत खिडकीला टेकवलेली दोन कपाटं गळक्या खोलीत हलवली. पाण्याची टाकी घासून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घेतली, तरी प्यायचं पाणी घरून आणायचं. दुपारी दोन शिक्षक पहिली ते चौथीसाठी वस्तीवर जातील, आळीपाळीनं. स्तराप्रमाणे शिकवायचं ते गटाच्या आतच करू. दसऱ्यापर्यंत पुस्तक उघडणार नाही, फक्त वाचन, बेरीज-वजाबाकी आणि मुलांशी बोलणं. समितीची बैठक शुक्रवारी, त्यात वसतिगृहाचा ठराव.

संमतीपत्रावर एक अडचण येते आहे. "काही झालं तर शाळा जबाबदार नाही" असं लिहिलेला नमुना फिरतो आहे, तो वाचून दाखवला की माणसं अंगठा मागे घेतात. साताऱ्याचे सर, तुमच्या गावात काय लिहिलं होतं?

माध्यमिक शिक्षक, सातारा · २९ सप्टेंबर

ते वाक्य काढूनच टाका. आमच्या समितीनं लिहिलेला मजकूर असा:

"माझा पाल्य ____ याला मी शाळेत पाठवत आहे. घरात कुणाला ताप, खोकला असेल त्या दिवशी पाठवणार नाही आणि गुरुजींना कळवीन. शाळा मुलांना अंतरावर बसवील, खिडक्या उघड्या ठेवील, शिक्षक मास्क लावतील. मूल आजारी पडल्यास शाळा मला लगेच कळवील आणि दवाखान्यात सोबत येईल. मला वाटेल तेव्हा मी पाल्याला घरी ठेवू शकतो, त्याचं नाव पटावरून कमी होणार नाही."

खाली पालकाची आणि मुख्याध्यापकाची, दोघांचीही सही. तुमच्याकडे आणखी एक ओळ घाला: "आम्ही ऊसतोडीला जाणार आहोत / नाही. मूल मागे राहणार असल्यास कोणाकडे: ____."