मदत हवी आहे: झाडं जगवणाऱ्यांचा सत्कार कसा करावा? (शाल-नारळ सोडून सुचवा)

करंजवाला:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, जुळे सोलापूरच्या बाजूला राहतो. २०२१ च्या पावसाळ्यात कॉलनीतल्या आम्ही दहा-बारा जणांनी रस्त्याकडेला कडुनिंब, करंज, बहावा आणि थोडे ताम्हण लावले. ताम्हण गेले, बाकी बरेचसे जगलेत. ज्यांच्यामुळे ते जगले त्यांच्यासाठी येत्या ५ जूनला छोटा कार्यक्रम करायचाय. वर्गणीतून ११ हजार जमलेत. गाडं अडलंय ते पुढं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा परतीचा. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि रात्री दोनला आलं तरी सगळी गल्ली घागरी घेऊन जागी होते. त्यामुळं झाड लावणं हे दोन तासांचं आणि एका फोटोचं काम. ते तीन उन्हाळे पार करून नेणं निराळं.

गेल्या वर्षी सत्कार केला होता, त्याचंच दुखणं आहे. सात जणांना टॉवेल-टोपी आणि नारळ. नावं काढली व्हॉट्सॲप ग्रुपमधून. आमच्या भागात येणारे टँकरवाले मामा शेवटची खेप संपवून परत जाताना टाकीच्या तळाचं उरलेलं पाणी कोपऱ्यावरच्या सहा-सात झाडांना सोडून जायचे. दोन उन्हाळे. ग्रुपमध्ये नाहीत, म्हणून यादीतही नाहीत. त्या संध्याकाळी ते आलेही होते, खुर्च्यांच्या मागं उभे होते. आभारप्रदर्शन झालं आणि आमच्यातलाच एकजण म्हणाला, "मामा, जरा खुर्च्या उचलू लागा की." त्यांनी उचलल्या. काही बोलले नाहीत. टाकी मात्र आता घरी जाऊन रिकामी करतात.

यंदा यादी करायला बसलो तर ती संपेना. वळणावर एक आक्का आहेत, बिड्या वळतात. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी त्यांनी चार वर्षं मोरीत जाऊ दिलं नाही, दारातल्या दोन करंजांना घातलं. वेल्डिंगवाल्यानं झाडांभोवतीचे लोखंडी गार्ड नुसत्या लोखंडाच्या किमतीत करून दिले. झाडणाऱ्या मावशी पाला बुंध्याशी पेटवत नाहीत, खराट्यानं आळ्यात ढकलतात. शेरडं वळणारा एक पोरगा आमच्या रस्त्यानं जाताना आपली शेरडं पलीकडच्या कडेनं नेतो. याला काय म्हणायचं, स्वयंसेवक?

तर प्रश्न असे: यादी कुठं थांबवायची? द्यायचं काय? आणि मंडळातल्या एकाचा हट्ट आहे की प्रत्येक झाडावर जगवणाऱ्याच्या नावाची पाटी लावू. लावावी का?

निवांत:

पाटी अजिबात नको. लावणार कशानं, खिळ्यानंच ना? सालीखालीच झाडाचा अन्नरस वाहतो. खिळ्याच्या भोकातून पाणी आणि बुरशी आत जाते. सुतळीनं बांधली तर झाड जाड होत जातं आणि सुतळी रुतत जाते. आमच्या पुण्यातल्या रस्त्यावर जुने लोखंडी गार्ड बुंध्यात घुसलेत. देणगीदाराचं नाव अजून सुबक वाचता येतं, झाडाची मात्र कंबर आवळलीये. तुमची झाडं चार वर्षांची झाली म्हणजे गार्ड काढायची वेळ आलीच आहे. ११ हजारातले थोडे त्याच वेल्डिंगवाल्याला द्या, ग्राइंडर घेऊन फिरू दे त्याला. या खेपेला पूर्ण मजुरी द्या म्हणजे झालं.

सोलापुरी_माहेर:

सोलापुरात राहून शाल कसली देता हो? चादर द्या. टॉवेल-टोपीत वाईट काही नाही, पण टॉवेल आपल्या मागावरचा चांगला घ्या, कार्यक्रमासाठी मिळतो तो पातळ नको. आणि वेळ बघा. माझी आई बिड्या वळायची. वळलेल्या बिड्या ठरल्या वेळेला कारखान्यात नेऊन द्याव्या लागतात, तिथं तपासणीत खराब म्हणून काढतात त्या वेगळ्याच. संध्याकाळी सहाला पाहुण्यांची वाट बघत दीड तास बसवलंत तर त्या आक्कांचा तेवढ्या बिड्यांचा रोज बुडतो. सत्काराला बोलावून रोज बुडवायचा म्हणजे अवघड आहे.

हिरवी_मोहीम:

सत्कारमूर्तींच्या नावानं गावाबाहेरच्या माळावर प्रत्येकी शंभर झाडं लावा! मोकळाच पडलाय.

माळावरचा:

वरच्या सूचनेला नम्र विरोध. सोलापूरचा माळ मोकळा पडलेला नाही, तो गवताळ माळच आहे. नान्नजचं अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी झालं ते या गवतामुळंच. धाविक पक्षी, लांडगा, काळवीट सगळे तिथले. तिथं खड्डे मारून झाडं लावली की गवत जातं आणि गवताबरोबर हेही जातात. झाडं रस्त्याकडेला, शाळेत, वस्तीत लावा. सावली माणसाला हवी आहे, माळढोकाला नकोय.

अर्ज_विनंती:

राज्य सरकारचा छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कार असतो, मंडळ म्हणून पुढंमागं विचार करा. पण तुमच्या यादीतल्या माणसांना त्याचा काही उपयोग नाही. मी तुमच्या जागी असतो तर कार्यक्रमाआधी एकेकाच्या घरी जाऊन आलो असतो. नुसता चहा प्यायचा आणि विचारायचं, या झाडाचा तुम्हाला काही त्रास आहे का? सत्कारात हा प्रश्न कुणी विचारत नाही.

करंजवाला:

सगळ्यांचे आभार. पाटी बाद केली, निवांत यांचा प्रतिसाद मंडळात वाचून दाखवला. ग्राइंडरचं ठरलं. चादरीही ठरल्या. कार्यक्रम सकाळी आठला, अर्ध्या तासात उरकायचा, पाहुणे कुणी नाहीत. शेंगाची पोळी आणि चहा.

अर्ज_विनंती यांचं ऐकून चार घरी जाऊन आलो. मामांकडं आधी गेलो. गेल्या वर्षीचं मीच काढलं, चुकलं म्हणालो. ते म्हणाले, "खुर्च्यांचं काय नाही ओ, मला वाटलं पाणी सोडलेलं तुम्हाला ठाऊकच नाही." खरं सांगायचं तर ग्रुपमधल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतंच.

मग आक्कांकडं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हात एक क्षण थांबले नाहीत. त्रास काही आहे का म्हटल्यावर बराच वेळ गप्प. मग कात्रीच्या टोकानं वर दाखवलं. घरामागं जुना गुलमोहर आहे, आम्ही लावलेला नव्हे. त्याची मांडीएवढी जाड फांदी थेट त्यांच्या पत्र्यावर आलीये. गुलमोहराचं लाकूड किती ठिसूळ असतं ते तुम्ही जाणताच. वळवाचं वारं सुटलं की आक्का पोरांना घेऊन शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसतात. दर मे महिन्यात. मला म्हणाल्या, "तुमी झाडवाले, फांदी तोडा म्हटलं तर काय म्हणाल, म्हणून बोलले नाही."

चार वर्षं आम्ही त्यांच्या करंजांचे फोटो काढतोय आणि मान वर करून कुणी पाहिलं नाही.

आता फांदी काढायचीच, पण रीतसर. १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाडाला इजा करणंही तोडण्यातच धरलंय, त्यामुळं महापालिकेच्या उद्यान विभागाकडं अर्ज करावा लागणार. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नाशीच्या पुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं. हा गुलमोहर किती जुना ते आक्कांनाही सांगता येईना, "लग्न होऊन आले तेव्हा होता" एवढंच. लग्नाला ४१ वर्षं झालीत. अर्ज मी लिहितोय, सही त्यांची, हेलपाटे माझे. करवतवाल्याची मजुरी ११ हजारातून.

यंदाचा वळीव डोक्यावर आहे, म्हणून शेवटची मदत मागतो. अर्ज एका फांदीचाच आहे, अख्खं झाड गेलं तर आक्काच पहिल्या रडतील. छाटणीची परवानगी कुणी काढलीय का? फोटो पत्र्याच्या बाजूनं लावावा की रस्त्याच्या? आणि फांदी धोकादायक म्हणून लवकर पाहणी व्हावी यासाठी अर्जात काय लिहिलंत?