सल्ला हवा: गेम उघडताक्षणी बंद पडतो, त्यासाठी पीसी फॉरमॅट करावाच लागेल का?

खाडीकाठ, देवगड तालुका

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाच्या पीसीचा प्रश्न घेऊन आले आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगते.

भाऊ बारावीला आहे. वाढदिवसाला त्याने एकच गोष्ट मागितली होती, कार रेसिंगचा एक जुना गेम. स्टीमवर, म्हणजे गेम विकत घेऊन उतरवायच्या ऑनलाइन दुकानात, सेल लागला तेव्हा मी तो घेऊन दिला. गेम १२ जीबीचा. आमच्या वाडीत फायबर आलेलं नाही आणि घरात रेंज मिळते ती फक्त माळ्यावरच्या खिडकीत. तिथे फोन ठेवून हॉटस्पॉट लावायचा आणि रोजच्या २ जीबीतून जे उरेल त्यात उतरवत राहायचं, असं करत आठ दिवस गेले. मधे तीन-चार वेळा वीज गेली. डाऊनलोड दर वेळी थांबलं तिथून पुढे सुरू झालं.

आता 'प्ले' दाबलं की स्क्रीन सेकंदभर काळी होते आणि परत डेस्कटॉप दिसतो. काही सूचना नाही, आवाज नाही. भाऊ काही बोलत नाही, पण रोज शाळेतून आला की एकदा दाबून बघतो.

पीसी सेकंडहँड आहे. आय५ चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ७५० टीआय कार्ड, विंडोज १०. रीस्टार्ट केलं, ॲडमिन म्हणून चालवून पाहिलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) नवा टाकला. फरक नाही.

बाजारात दुरुस्ती करणारे आहेत त्यांना विचारलं तर म्हणाले, फॉरमॅट मारा, सगळं साफ होईल. मला भीती तिथेच आहे. ह्याच पीसीवर आमच्या आबांचा आंब्याचा हिशोब आहे. तीन हंगामांच्या पेट्या, वाशीच्या बाजारातून आलेल्या विक्रीच्या पट्ट्या, फवारणी, राखणदाराचा पगार, सगळं एक्सेलमध्ये. आबा साठीनंतर हे शिकले, मीच शिकवलं. एका गेमसाठी त्या पीसीला हात लावायचा का, आणि लावायचा तर कुठून सुरुवात करायची?

तिठा, कुडाळ

फॉरमॅट अजिबात मारू नको गो बाय. माझ्या झिलान गेल्या वर्षी मारून घेतल्यान आणि घरातले सगळे फोटो गेले. गेम काय आज ना उद्या चलतलो, गेलेलो हिशोब परत येवचो नाय. आधी ती फाईल पेनड्राइव्हात घाल, मगे बाकीचा बघ.

हर्णैची_वाट, दापोली

ताई, रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने पुसून बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्यावर थर चढतो. माझं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे, दर पावसाळ्यानंतर मला हे करावंच लागतं. पीसीची वायर काढून ठेवा, हात कोरडे ठेवा, आणि पुसून झाल्यावर रबराची भुकटी नीट झटकून टाका.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं का तेही बघा. कार्डावर जोर आला की कमी व्होल्टेजला पीसी अचानक बंद पडतो.

कातळसडा, रत्नागिरी

मी बारा वर्षं हेच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्याचा राग मानू नका, त्यात त्याचा वेळ वाचतो. पण दुखणं कुठे आहे हे न बघता केलेला तो उपाय आहे, आणि तुमच्या बाबतीत किंमत फार मोठी आहे.

वरचे दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण मला ते इथे लागू वाटत नाहीत. रॅम खराब असली तर ती एकाच गेमला पकडून बसत नाही. एक्सेल मधेच मिटेल, ब्राउझर पडेल, निळी स्क्रीन येईल. व्होल्टेज किंवा पॉवर सप्लायची अडचण असेल तर अख्खा पीसी बंद होतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो. तुमच्याकडे पीसी शाबूत राहतो आणि गेम तेवढा मिटतो. म्हणजे मशीनपेक्षा गेम आणि विंडोज यांच्यात काहीतरी अडलं आहे.

दुसरं, गेम परत उतरवू नका. पुन्हा आठ दिवस घालवायची गरज नाही. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथे 'व्हेरिफाय इंटिग्रिटी ऑफ गेम फाइल्स'. स्टीम प्रत्येक फाईल तपासतं आणि जी बिघडली असेल तेवढीच परत आणतं. वीज जाऊन डिस्कवर लिहिताना काही तुटलं असेल तर ते इथे सापडेल.

तिसरं, जुन्या गेमना चालायला व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या आणि डायरेक्टएक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मदतनीस प्रोग्रॅमांच्या, जुन्या फाइल्स लागतात. विंडोज १० मध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी डायरेक्टएक्स ९ च्या काळातल्या सगळ्या फाइल्स त्यात येत नाहीत, त्या जून २०१० च्या पॅकेजातून टाकाव्या लागतात. मात्र ते नसेल तर बहुतेक वेळा 'डीएलएल मिसिंग' किंवा 'सी०००००७बी' असा खोका समोर येतो. तुमच्याकडे खोकाच येत नाही, म्हणून हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. करायचं झालंच तर डेटा घालवू नका. स्टीमच्या 'कॉमन' फोल्डरात 'स्टीमवर्क्स शेअर्ड' नावाचं फोल्डर असतं, बहुतेक इन्स्टॉलर त्यातच पडलेले असतात.

आता खरं काम. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. गेम एकदा चालवून पडू द्या आणि लगेच तिथे या. लाल खुणेची ओळ दिसेल, सोर्स 'ॲप्लिकेशन एरर', आयडी १०००. तिच्यावर क्लिक करून 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' आणि 'एक्सेप्शन कोड' ह्या दोन ओळी इथे लिहा. मॉड्यूलचं नाव 'एनव्ही'ने सुरू होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर, 'एमएसव्हीसीपी' असेल तर व्हिज्युअल सी प्लस प्लस. ह्या एका ओळीने अर्धं रान तुडवायचं वाचतं.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तिठाकाका, फाईल आधी पेनड्राइव्हवर घेतली आणि एक प्रत स्वतःला मेलही केली.

कातळसडा दादा, व्हेरिफाय केलं. एक फाईल खराब निघाली, ३८ एमबी उतरलं, पण गेम तसाच पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मॉड्यूलच्या जागी गेमचंच नाव आहे, ड्रायव्हरचं नाही. कोड सी००००००५.

आणि एक. गेमच्या फोल्डरात भावाला एक छोटी लॉग फाईल सापडली, नोटपॅडमध्ये उघडते. शेवटच्या ओळीत फोल्डर तयार करता आलं नाही अशा अर्थाचं इंग्रजी आहे आणि पुढे पत्ता: सी ड्राइव्ह, युजर्स, मग ओळीने तीन प्रश्नचिन्हं, मग डॉक्युमेंट्स आणि गेमचं नाव. तिथेच फाईल संपते. ती प्रश्नचिन्हं कसली?

कातळसडा

सी००००००५ म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन. प्रोग्रॅमने जिथे हात घालायचा अधिकार नाही अशा मेमरीत हात घातला आणि विंडोजने त्याला बंद केलं.

डिफेंडर म्हणजे विंडोजचाच अँटीव्हायरस, त्याचं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असलं तरी डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही, ते बघता येईल. पण प्रश्नचिन्हं मलाही नवीन आहेत. एक सांगा, विंडोजमध्ये तुमच्या युजरचं नाव काय आहे?

खाडीकाठ

'आबा'. मराठीत. गेल्या वर्षी विंडोज नव्याने टाकलं तेव्हा खातं मीच बनवलं. पीसी सुरू केल्यावर स्वतःचं नाव आपल्या लिपीत दिसलं तर त्यांना परकं वाटणार नाही, म्हणून मुद्दाम तसं लिहिलं होतं.

सुरूबन, अलिबाग

मग सापडलं. 'आबा' कॉम्प्युटर कसं मोजतो बघा: आ एक, ब दोन, काना तीन. तीन प्रश्नचिन्हं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे हे जरा उलगडून सांगते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सामायिक पद्धतीत, देवनागरी पहिल्यापासून आहे आणि विंडोजही आतून युनिकोडच वापरतं, म्हणून तुमचं खातं, एक्सेल, फाइल्सची मराठी नावं सगळं सुरळीत चालतं. पण जुने बरेच गेम फाईलचा पत्ता विचारताना विंडोजची त्याहून जुनी पद्धत वापरतात. त्यात अक्षरांचा एक छोटा तक्ता असतो, कोड पेज म्हणतात त्याला. रशियनला, ग्रीकला, अरबीला, जपानीला विंडोजमध्ये असे तक्ते आहेत. देवनागरीला असा तक्ता कधी मिळालाच नाही. गेम पत्ता मागतो, विंडोजला त्या तक्त्यात आ सापडत नाही, ब सापडत नाही, काना सापडत नाही, मग प्रत्येकाच्या जागी ते प्रश्नचिन्ह ठेवून पत्ता हातात देतं.

आणि प्रश्नचिन्ह हे विंडोजमध्ये फाईलच्या किंवा फोल्डरच्या नावात चालतच नाही. कुठल्याही फाईलच्या नावात ते टाइप करून बघा, लगेच नकार येईल. म्हणजे गेम अशा दारावर थाप मारतो आहे जे असूच शकत नाही. फोल्डर मिळालं नाही तर काय करायचं हे त्याच्या कर्त्यांनी लिहून ठेवलेलं नसेल, तो तसाच पुढे जातो आणि कोसळतो. सी००००००५ बहुधा तिथूनच येतो.

तुमचं काहीही चुकलेलं नाही हे मला आवर्जून सांगायचं आहे. माणसाने आपलं नाव आपल्या लिपीत लिहावं आणि यंत्राने ते वाचावं, हीच रीत असायला हवी. उणीव त्या जुन्या पद्धतीत आहे.

उपाय: सेटिंग्जमध्ये जाऊन खात्याचं नाव बदलू नका. त्याने फक्त वर दिसणारं नाव बदलतं, युजर्समधलं फोल्डर 'आबा'च राहतं. त्या फोल्डरचं नाव हाताने बदलायलाही जाऊ नका, खातं उघडायचंच बंद होऊ शकतं आणि हिशोब तिथेच आहे. भावासाठी दुसरं खातं बनवा. सेटिंग्ज, अकाउंट्स, फॅमिली अँड अदर युजर्स, 'ॲड समवन एल्स'. ईमेल मागेल तिथे 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' हा पर्याय, मग 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा'. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. त्या खात्यात पहिल्यांदा शिरलं की नवं फोल्डर तयार होतं.

गेम परत उतरवायला नको. तो प्रोग्रॅम फाइल्समधल्या स्टीमच्या फोल्डरात आहे, दोन्ही खात्यांना तो एकच. फक्त स्टीममध्ये नव्याने लॉगिन करावं लागेल.

कातळसडा

सुरूबनताई, हे मी आज शिकलो. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकांचे असेच पीसी येऊन गेले आहेत, एकाचं खातं 'श्री गणेश' नावाने देवनागरीत होतं. तेव्हा मी विंडोज परत टाकलं, खात्याचं नाव सवयीने इंग्रजीत दिलं आणि दुखणं गेलं, पण का गेलं ते कळलं नव्हतं. त्या दोघांचं काम विनाकारण लांबलं याचं वाईट वाटतं.

रीजनच्या सेटिंग्जमध्ये 'यूटीएफ-८' नावाचा एक बीटा पर्याय आहे, तो लावून चालेल का?

सुरूबन, अलिबाग

काही गेम त्याने चालतात, कारण जुन्या तक्त्याच्या जागी सगळ्या लिपी सामावणारा तक्ता येतो. पण तो अख्ख्या पीसीला लागू होतो आणि दुसरे जुने प्रोग्रॅम त्याने बिघडू शकतात. जिथे आंब्याचा हिशोब आहे त्या मशीनवर मी तो लावणार नाही. वेगळं खातं बरं.

हर्णैची_वाट, दापोली

ताई, नवं खातं 'स्टँडर्ड'च ठेवा, ॲडमिन नको. आबांच्या खात्याला पासवर्ड घाला, म्हणजे भावाच्या हातून चुकून हिशोबाला धक्का लागणार नाही.

खाडीकाठ

काल रात्री वीज साडेनऊला आली, तेव्हा केलं. खातं बनवलं, स्टीममध्ये शिरलो, 'प्ले' दाबलं. स्क्रीन काळी झाली तशी आम्ही दोघंही श्वास धरून होतो. मग इंजिनाचा आवाज आला. भाऊ ओरडला तो ऐकून आई पडवीतून धावत आली.

डॉक्युमेंट्समध्ये गेमचं फोल्डरही तयार झालंय, मी उघडून बघितलं. उतरवायला नवा डेटा काही लागला नाही.

आबांना प्रश्नचिन्हांची गोष्ट सांगितली. त्यांनी बोटं मोजून पाहिली, आ, ब, काना. मग विचारलं, माझं नाव आता काढणार का तिथून? नाही म्हटलं. आज सकाळी पीसी सुरू केला तेव्हा दोन नावं समोर होती. वरच्या 'आबा'वर क्लिक करून ते कुळथाच्या बियाण्याचा खर्च भरत बसलेत.