अनुभव धागा: राजेशाही बागांमधली पायपीट

चाफेकळी:
लेकीने काल हॅनोव्हरहून हेरेनहाउझनच्या कारंज्याचा व्हिडिओ धाडला आणि सासूबाईच आठवल्या. आम्ही तिथे असताना त्या उन्हाळ्यात आल्या होत्या. बाग कसली, पट्टी लावून आखलेली! तीन बाजूंना खंदक, सरळसोट रस्ते, कुंपणाच्या झाडांची एक फांदी इकडची तिकडे नाही. सासूबाईंना फुलं तोडू दिली नाहीत म्हणून आधीच राग. मग नवऱ्याने हॅनोव्हरच्या राजघराण्यातल्या सोफीची गोष्ट सांगितली. बाग तिच्याच हौसेची. 1714 च्या जूनमध्ये इथेच फिरताना पाऊस आला, आडोशाला धावली आणि कोसळली ती गेलीच. वारस म्हणून तिचंच नाव होतं, दोन महिने काढले असते तर इंग्लंडच्या गादीवर बसली असती. बसला मुलगा, पहिला जॉर्ज. सासूबाई म्हणाल्या, "त्र्याऐंशीव्या वर्षी धावायचं कशाला? छत्री न्यायची!" पुढे पुण्यात भर उन्हातही त्यांच्या पिशवीत छत्री असायची.
तुमचेही किस्से येऊ द्या.

चाकणकर:
सासूबाई 🙏
मेसेला (तिथलं मोठं औद्योगिक प्रदर्शन) जातो तेव्हा चक्कर होतेच. त्या कारंज्यासाठी गणितज्ञ लाइबनिट्झनेही डोकं लढवलं होतं, पण सोफीच्या हयातीत ते धड उडालंच नाही. नंतर लाइने नदीवर पाणचक्क्या लावून पंप चालवले तेव्हा 35 मीटरच्या आसपास गेलं. आता 70 च्या वर जातं. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही.

पुरणपोळी:
चढेल, टँकरवाल्याला लाइबनिट्झ म्हणा 😂

रानवारा:
व्हर्सायला टूरवाल्याने नेमकं कारंजी बंद असतात त्या दिवशी नेलं. गाइड म्हणे चौदाव्या लुईच्या वेळीही सगळी एकदम चालवण्याइतकं पाणी नव्हतं. राजा आला की माळी शिट्टी मारायचे, मग पुढचं कारंजं सुरू. म्हटलं, आमच्यासाठी पण मारा की एक शिट्टी.

मुग्धा_ना:
रशियात पीटरहॉफला पंपाची भानगडच नाही, टेकाडावरून उताराने पाणी येतं. भाचा पीटर्सबर्गला एमबीबीएसला होता, त्याने फिरवलं. सॅमसनचा पुतळा सिंहाचा जबडा फाडतोय आणि त्यातून पाणी! थंडीत बंद असतं हां, बघून जा.

तिखटजाळ:
बूट घाला. बारीक खडी चपलेत जाते. बाकी काही आठवत नाही.

रानवारा:
चाफेकळी, हेरेनहाउझनला राजवाडा कुठाय? फोटोत दिसत नाही.

चाफेकळी:
1943 च्या बॉम्बहल्ल्यात गेला. आम्ही होतो तेव्हा नुसती मोकळी जागा. 2013 ला तसाच दिसणारा परत बांधलाय, आत संग्रहालय. ग्रोटो (बागेतली कृत्रिम गुहा) मात्र चुकवू नका, निकी द सँ फाल या कलाकार बाईने आतून काच नि आरसे लावलेत. लेक बाहेर यायला तयार नव्हती.
(भाजी करपली, आले)

पुरणपोळी:
कसली भाजी?

चाफेकळी:
गवार. गेली.

मुग्धा_ना:
दाण्याचं कूट घाल, कळत नाही.
चाकणकर, मेसेच्या आठवड्यात हॉटेल कुठे मिळतं हो? नवऱ्याला एप्रिलमध्ये जायचंय.

चाकणकर:
शहरात दर विचारूच नका. ब्राउनश्वाइगला राहा म्हणावं, ट्रेनने येता येतं. आणि आत्ताच बुक करा.