नेपाळमधील सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला जाताना कोणती तयारी करावी?

शिकाऊ_शिक्षिका:
नमस्कार. मी पुण्यात बी.एड.च्या अंतिम वर्षात शिकत असून, परीक्षेनंतर नेपाळमधील लमजुंग जिल्ह्यातील एका सामुदायिक, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी शाळेसारख्या शाळेत, प्रशिक्षणार्थी स्वयंसेवक म्हणून चौथी-पाचवीच्या मुलांना इंग्रजी शिकवायला जाण्याचे माझे ठरत आहे. मला पाठवणाऱ्या संस्थेने राहण्याजेवण्याची माहिती सविस्तर दिली आहे. पण वर्गात काय शिकवायचे, याविषयी ‘मुलांशी इंग्रजीत बोलत राहा’ यापलीकडे काहीही सांगितलेले नाही. सप्टेंबरच्या शेवटी निघून नोव्हेंबरपर्यंत राहावे, असा विचार आहे. मुलांना माझा खरोखर उपयोग व्हावा यासाठी काय करावे, आणि अडेल तिथे हिंदीचा आधार घ्यावा का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सातपुडा:
मी धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पावरी बोलणाऱ्या मुलांना शिकवतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचा भाषेशी संबंधित भाग मला जवळचा वाटतो. लमजुंगमध्ये गुरुंग या जमातीची वस्ती मोठी आहे. ज्या घरांत आजही त्यांची गुरुंग भाषा बोलली जाते, तिथल्या मुलांसाठी नेपाळी ही दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा ठरते. तिथे हिंदी आणली, तर मुलांच्या डोक्यावर चौथ्या भाषेचा भार पडेल. त्यापेक्षा वर्गात लागणाऱ्या साध्या सूचना नेपाळीत शिकून जा. लिपी देवनागरीच असल्याने ते तुम्हाला फारसे जड जाणार नाही.

मुलांच्या कोणत्या चुका कुठून येतात, हे ओळखता आले तर निम्मे काम सोपे होते. नेपाळीच्या तृतीयपुरुषी सर्वनामांत आपल्या ‘तो’ आणि ‘ती’सारखा भेद नाही, म्हणून इंग्रजीतील ‘ही’ (he) आणि ‘शी’ (she) यांची सरमिसळ दीर्घकाळ चालते. व्हिडिओ हा शब्द तिथे ‘भिडियो’ असा लिहितात, त्यावरून इंग्रजी ‘व्ही’च्या उच्चाराचे काय होत असेल, हे लक्षात येईल. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांची अडचण मात्र आपल्या मुलांसारखीच आहे. अशा वेळी नियम समजावून सांगण्यापेक्षा वर्गातल्याच मुलामुलींविषयी छोटी वाक्ये बोलून घ्यावीत, कृती करत आज्ञा द्याव्यात आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही मुले बोलत नाहीत, याचे एक मोठे कारण माझ्या मते हे आहे की वर्गात शिक्षकच बोलत असतो. पाहुणी शिक्षिका नुसतीच इंग्रजीत बोलत राहिली, तर तिथेही तेच होईल.

उंबरठा:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा वाटतो. तुम्ही परतल्यानंतर तो वर्ग कोण घेणार आहे? तिथल्या इंग्रजीच्या शिक्षकांना बाजूला बसवून तुम्ही तास घेणार असाल, तर मुलांना काही आठवडे नवेपणाचा आनंद मिळेल आणि नंतर सगळे पूर्ववत होईल. म्हणून पहिले काही दिवस त्यांचे तास मागे बसून पाहा, मग पाठाचे नियोजन दोघांनी मिळून करा, आणि तुम्ही तयार केलेली चित्रपत्रे, वाचनपाठ आणि खेळ त्यांच्या हाती राहतील अशी व्यवस्था करा. तुम्ही अजून शिकाऊ आहात आणि त्यांना तिथल्या मुलांचा अनुभव आहे, हे नाते दोन्ही बाजूंनी स्पष्ट असलेले बरे.

संस्थेने शाळेबरोबर एखाद्या अनाथालयात ‘वेळ घालवण्याचा’ कार्यक्रम जोडला असेल, तर तो निःसंकोच नाकारा. नेपाळमधील अशा बालगृहांतील बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात असतात, आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांमुळेच मुले घरापासून तोडून आणण्याचे प्रकार तिथे घडलेले आहेत. आणखी एक लक्षात ठेवा. 2018 च्या बालकविषयक कायद्याने नेपाळमध्ये मुलांना मारणे सर्वत्र निषिद्ध आहे, त्यामुळे वर्गात छडी दिसली तर गप्प न राहता मुख्याध्यापकांशी बोला. मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नका.

शिकाऊ_शिक्षिका:
दोघांचेही मनापासून आभार. शिक्षकांबरोबर मिळून पाठ घेण्याविषयी मी शाळेला आजच पत्र लिहिते. जाण्याचा काळ योग्य आहे ना?

पोखरावाट:
नाही, तो बदलावा लागेल. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंतच्या काळात दसैं आणि तिहार हे तिथले दसरा-दिवाळीसारखे मोठे सण येतात, आणि शाळा बराच काळ बंद असतात. नेपाळचे शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, सुरू होते. शक्य असल्यास तेव्हाच जावे, अन्यथा तिहारनंतर जाऊन वार्षिक परीक्षेच्या आधी परतावे. भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. आधार कार्ड त्यासाठी चालत नाही. पाठ्यपुस्तके सानोठिमी, भक्तपूर येथील पाठ्यक्रम विकास केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. चौथी-पाचवीची इंग्रजीची पुस्तके आताच उतरवून घ्या, आणि शाळेला लिहिणार आहातच, तर त्यांचे कितवे पाठ चालू असतील हेही त्याच पत्रात विचारा.