सपाटीकरण चालू असताना सिल्ट फेन्स (गाळ अडवायला लावलेलं कापडाचं कुंपण) कोलमडते, खड्ड्यातून गढूळच पाणी निघतं. काय चुकतंय?

मुरूम_भराव:
जागा २ हेक्टर, सरासरी उतार ४ टक्के. वरच्या अंगाने आणखी साधारण १ हेक्टरचं पाणी आत शिरतं. माती चिकण, मध्येमध्ये मुरमाचे पट्टे. वरचा थर सगळीकडचा काढून झालाय. खालच्या हद्दीवर २०० मीटर सिल्ट फेन्स सरळ रेषेत आहे. खालच्या कोपऱ्यात गाळ बसायला १२ बाय १२ मीटरचा, दीड मीटर खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेला उभा पाइप. जोराची सर आली की फेन्स नेमकी त्या कोपऱ्याशी आडवी होते आणि खड्ड्यातून पाणी आत येतं तसंच बाहेर जातं. कापड जाड घेऊ? खड्डा आणखी खोल करू?

आडवा_चर:
दोन्ही करू नका, उपयोग व्हायचा नाही.

सिल्ट फेन्स म्हणजे गाळणी नव्हे. कापडाची छिद्रं पहिल्याच सरीत बुजतात आणि पुढे तो एक लुटुपुटूचा बांध होतो. पाणी त्याच्यामागे थांबतं, गाळ खाली बसतो, एवढंच त्याचं काम. म्हणून ३० मीटर फेन्समागे फार तर ०.१ हेक्टर जमीन धरतात. २०० मीटरच्या मागे पाऊण हेक्टरसुद्धा बसत नाही, आणि तुमच्याकडे वरचं धरून ३ हेक्टरचं पाणी उतरतंय.

दुसरं, हद्द सरळ असते, समपातळी रेषा (जिच्यावर जमिनीची उंची सारखीच राहते) सरळ नसते. हद्दीवर ठोकलेली फेन्स पाण्याला अडवत नाही, कडेकडेने कोपऱ्याकडे वाहून नेते. शेवटचे दोन-तीन खांब सगळ्या पट्ट्याचं पाणी अंगावर घेतात. फेन्सचे १५-३० मीटरचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा समपातळीवर लावा आणि त्याची टोकं चढाच्या बाजूला वळवा, इतकी वर की टोकाची जमीन मधल्या भागातल्या कापडाच्या माथ्याच्या पातळीला येईल. खांब उताराच्या बाजूला, दोन मीटरच्या आत एक. कापडाची खालची कड १५ सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल चरात घालून माती ठोकून भरा. नुसती माती लोटली तर पाणी खालून बीळ पाडतं आणि फेन्स वरून शाबूत दिसत राहते. गाळ एक तृतीयांश उंचीला आला की काढा. आणि वाहत्या ओघळीत फेन्स कधीच नको, तिथे अनघड दगडी बांध.

पण या सगळ्याच्या आधी वरचं १ हेक्टरचं स्वच्छ पाणी आत येऊच देऊ नका. वरच्या हद्दीला चर आणि त्याच्या खालच्या अंगाला ठोकलेला बांध, ढाळ अर्धा ते एक टक्का. चराचं तोंड मोकळ्या मातीवर सोडू नका. दगड पसरून, खाली जिओटेक्स्टाइल (माती धरून पाणी झिरपू देणारं कापड) घालून सोडा, नाहीतर तिथेच घळ पडते.

गाळ_आणि_पाणी:
खड्ड्याचा हिशोब मांडतो. वरचं पाणी वळवलं असं धरून २ हेक्टर, उघड्या मातीचा गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) ०.५, पावसाची तीव्रता तासाला ६० मिमी. ०.५ × ६० × २ भागिले ३६० (एककं जुळवायला) म्हणजे सेकंदाला ०.१६७ घनमीटर. (तीव्रता तुमच्या भागाच्या नोंदींवरून घ्या.)

०.०२ मिमीचा कण पाण्यात सेकंदाला साधारण ०.३६ मिमी खाली जातो. तो अडवायचा तर पाण्याचा पृष्ठभाग हवा १.२ (सुरक्षेसाठी जादा) × ०.१६७ (प्रवाह) ÷ ०.०००३६ (कण बसण्याचा वेग, सेकंदाला मीटर), म्हणजे सुमारे ५६० चौरस मीटर. तुमचा आहे १४४. या सूत्रात खोली कुठेच येत नाही, म्हणून खड्डा खोल करून फरक पडत नाही. गाळ साठायला जागा मात्र लागते. हेक्टरी २५० घनमीटर धरा, म्हणजे तुम्हाला ५००. तेव्हा १७ बाय ३४ मीटर आणि मीटरभर खोल.

लांबी रुंदीच्या किमान दुप्पट ठेवा. चौकोनी खड्ड्यात पाणी आत येण्याच्या तोंडापासून पाइपपर्यंत सरळ धाव घेतं आणि कडेचं पाणी नुसतं उभं राहतं. मध्ये काथ्याच्या जाळीचे दोन-तीन आडवे पडदे लावले की प्रवाह पसरतो.

भोकांचा पाइप काढा. तो तळापासून पाणी ओढतो आणि सगळ्यात गढूळ पाणी तळाशीच असतं. तरंगता निचरा लावा: लवचिक नळी, तोंडाला फ्लोट, पाणी नेहमी वरच्या थरातून. भोक असं निवडा की भरलेलं तळं दोन-तीन दिवसांत उतरेल.

पिचिंगवाला:
वरच्या हिशोबात एक भर. खड्ड्याच्या खालच्या बाजूला भराव असेल तर धोका गाळाचा नाही, भराव फुटण्याचा. तो बहुधा भरावातून बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पोटाखालून फुटतो, कारण तिथे धुमस (माती ठोकायचं अवजार) पोचत नाही आणि माती पोकळ राहते. भराव १५-२० सेंमीच्या थरांनी ठोका. माती अशी ओली हवी की मुठीत दाबली तर गोळा होतो, पण हाताला पाणी सुटत नाही. सांडवा भरावावरून नको, बाजूच्या न खणलेल्या जमिनीतून काढा. सांडव्यावरून पाणी पूर्ण वाहत असतानाही भरावाचा माथा ३० सेंमी वर राहिला पाहिजे.

ओघळीतले दगडी बांध ६० सेंमीपेक्षा उंच नकोत आणि मधला भाग टोकांपेक्षा १५ सेंमी खाली हवा. माथा सपाट ठेवला तर पाणी काठ पोखरून बाजूने निघतं. अंतर म्हणजे उंची भागिले ढाळ: ०.६ ÷ ०.०४, १५ मीटर.

मुरूम_भराव:
हे सगळं केलं तर पाणी स्वच्छ होईल ना? चिकणमातीचं काय?

गाळ_आणि_पाणी:
नाही, पूर्ण नाही होणार. ०.००२ मिमीच्या कणाला एक मीटर खाली जायला तीन दिवसांहून जास्त लागतात, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. पारदर्शक बाटलीत जागेवरची मूठभर माती आणि पाणी घेऊन हलवा, तासभर ठेवा. वरचं पाणी अजून गढूळ असेल तर ते कण कुठलंही तळं अडवणार नाही. ते पाण्यात उतरू द्यायचेच नाहीत.

म्हणजे माती झाका. ज्या भागात दोन आठवडे काम होणार नाही तिथे आजच पेंढा पसरा, हेक्टरी ४-५ टन, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दाबून घ्या. तीव्र उतारावर काथ्याची किंवा तागाची जाळी, वरची कड १५ सेंमी चरात गाडून. वरच्या पट्टीने खालचीवर कौलासारखं चढायचं. जाळी मातीला चिकटून बसली पाहिजे. ताणून बसवली की खालून पाणी पळतं आणि ओघळी पडतात त्या दिसतही नाहीत.

एकदम सगळी २ हेक्टर उघडण्याची गरज नव्हती, हे आता सांगून काय फायदा, पण पुढच्या टप्प्याला लक्षात ठेवा.

साखळीपट्ट्याचा डोझर उतारावर खालीवर चालवा. मग पट्ट्यांचे ठसे उताराला आडवे उमटतात आणि प्रत्येक ठशात थोडं पाणी थांबतं. आडवा चालवला तर तेच ठसे उभे पडतात आणि पहिल्या सरीत ओघळी होतात.

तुरटी किंवा पॉलिमर टाकायचा मोह होईल. तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं. पॉलिमर वापरायचाच तर ऋणभारित घ्या, धनभारित माशांना मारतो. मात्रा बाटलीतल्या चाचणीवरून ठरवा.

मुरूम_भराव:
पावसाचं पाणी जिरवायचा कायमचा खड्डा नकाशात आहे. तोच सध्या गाळासाठी वापरला तर?

आडवा_चर:
टाळा. बारीक गाळाने तळाचं तोंड बुजलं की तो पुन्हा पाणी घेत नाही. अगदीच जागा नसेल तर अंतिम तळापेक्षा ४५ सेंमी वरपर्यंतच खणा. काम संपून सगळीकडे गवत धरलं की तो गाळाचा थर काढा आणि उरलेलं पोकलेनने काठावरून खणा, यंत्र तळात उतरवू नका. तोपर्यंत त्या जागेभोवती दोरी बांधा, ट्रक फिरून माती दाबली गेली तरी जिरणं बंद होतं.